भाऊबीजेला कोण यायचं?

माझ्या टेबलाच्या खणात प्लास्टिकची एक पट्टी आहे. तिच्यात चौकोन आणि गोल कापलेले आहेत. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. कर्करोग झाला असेल तर आकृती काळी भरायची, माणूस गेलं असेल तर तिच्यावर तिरकी रेघ मारायची. नवराबायको आडव्या रेघेने जोडायचे, मुलं उभ्या रेघेने खाली उतरवायची. गेली अकरा वर्षं मैसूरच्या एका हॉस्पिटलात, कर्करोग विभागाच्या अगदी शेवटच्या खोलीत बसून मी हे करते आहे. माझ्या दारावर पदाचं नाव इंग्रजीत आणि कन्नडात लिहिलंय. मराठीत 'जनुकीय समुपदेशक' असं मी आत्ता पहिल्यांदाच लिहिते आहे आणि मलाच ते कुणा दुसऱ्याचं वाटतंय.

मी डॉक्टर नाही. औषध देत नाही, सुई टोचत नाही. प्रश्न विचारते आणि चित्र काढते. माझ्या सासूबाई शेजारणींना सांगतात, ‘ती लोकांच्या घरातल्या गोष्टी काढते आणि वर पगार घेते.’ हे तसं बरोबरच आहे.

काम समजावून सांगायला मला मागाचा उपयोग होतो, कारण मैसुरात रेशमी साडी कशी विणतात हे निम्म्या लोकांना माहीत असतं. मागावर हजारो धागे एका वेळी चालतात आणि अधूनमधून तुटतात. तुटलेला धागा हेरून त्याला गाठ मारणारं माणूस लागतं. शरीरातली पेशी एकाची दोन होते तेव्हा तिच्यातल्या जनुकांच्या लांबलचक धाग्याची नक्कल निघते, आणि त्या गडबडीत तो धागाही तुटतो. रोज तुटतो, तुमचा आणि माझाही. गाठ मारणारे असतात म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. त्यातल्या एका गाठ मारणारीचं नाव बीआरसीए-वन. प्रत्येकाकडे अशा दोघी, एक आईकडून आलेली, एक बापाकडून आलेली. एक जन्मापासून अधू असली तरी दुसरी काम निभावते. पण एखाद्या पेशीत दुसरीही बंद पडली, की तुटके धागे तसेच पुढे विणले जातात. स्तन आणि अंडाशय या दोन ठिकाणी हे जास्त घडतं. तिथेच का, याचं पुरतं समाधान करणारं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. मिळालं तर हवं आहे.

लोकांचा गोंधळ होतो तो दोन तपासण्यांत. कर्करोगाच्या गाठीचा तुकडा तपासतात, तेव्हा त्या गाठीत काय बिघडलंय ते कळतं आणि डॉक्टरांना औषध निवडता येतं. तो बिघाड बहुतेक वेळा त्या गाठीपुरता असतो. रक्त तपासतात, तेव्हा जन्माबरोबर काय आलंय ते कळतं. ते मात्र एकट्याचं नसतं. म्हणून रक्ताच्या तपासणीआधी त्या माणसाला माझ्या खोलीत पाठवतात आणि मी पट्टी काढते.

चित्र काढताना माणसं काय काय सांगतात याची मी एक वेगळी वही ठेवली आहे. बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीतून एक वयस्क भिक्षू आले होते, आतड्याचा आजार. मी दुभाष्यामार्फत विचारलं, तुमच्या आधीची माणसं सांगा. त्यांनी डोळे मिटून अठरा नावं न अडखळता सांगितली आणि मी अठरा चौकोन काढले. मग दुभाषा हळूच म्हणाला, हे सगळे गुरू आहेत, गुरूंचे गुरू. आजीचं नाव विचारलं तर ते खळखळून हसले. आठ वर्षांचे असताना घर सोडलेलं, आजी होती एवढं आठवत होतं. तो कागद मी अजून फाडलेला नाही. तपासणीच्या कामाचा नाही, पण इतकी सरळ वंशावळ मला परत कुणी दिली नाही.

दुसरे एक निवृत्त शाळा तपासनीस. त्यांच्या अहवालात असा बदल सापडला, की ज्याचा अर्थ अजून कुणालाच माहीत नव्हता. असं पुष्कळदा होतं. जनुकात फरक दिसतो, पण तो घातक की नुसताच वेगळा, हे ठरवायला तेवढी माणसं अजून तपासलेली नसतात. मी सांगितलं, थांबावं लागेल. ते दर सोमवारी दहाला फोन करायचे, ‘अर्थ लागला का?’ तीन वर्षांनी प्रयोगशाळेने कळवलं की तो बदल निरुपद्रवी आहे. मी उत्साहाने फोन केला. त्यांनी अहवालातली ओळ मला दोनदा वाचायला लावली. मग म्हणाले, ‘म्हणजे माझ्यात विशेष काही नाही, अल्वा?’ ‘अल्वा’ म्हणजे ‘नाही का’. आम्ही मैसूरचे मराठी लोक अर्धं वाक्य तिकडून आणि अर्धं इकडून आणतो. संपादकांनी काही शब्द बदलले असतील तर बदललेले चांगले असतील.

आता सुजाताची गोष्ट सांगते. ही वहीत नाही, कारण हिच्यात चूक माझी आहे आणि ती मला वहीशिवायही आठवते.

सुजाता अडतीस वर्षांची, कडकोळच्या एका औषध कारखान्यात पॅकिंग विभागाची पर्यवेक्षक. स्तनाचा कर्करोग, आणि तोही नेहमीची गोळ्यांची औषधं ज्याला लागू पडत नाहीत असा. एवढ्या कमी वयात असा आजार म्हटल्यावर रक्त तपासायचंच असतं. ती आली तेव्हा बरोबर दोन माणसं होती. वडील कृष्णोजीराव, चौऱ्याहत्तर वर्षांचे, ताठ, मिशा पांढऱ्या. घरात सगळे त्यांना अप्पा म्हणत आणि ते समोरच्या प्रत्येक बाईला अम्मा म्हणत, मलाही. दुसरी रेखा, सुजाताची वैनी, भाऊ मोहन याची बायको. फाईल तिच्या हातात. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले, बाजूला रंगीत चिठ्ठ्या. मला ती बघताक्षणी आवडली. याद्या करणारी माणसं एकमेकांना ओळखतात.

माझ्या खोलीत टेबलासमोर एक पाठीची खुर्ची आहे, ती पेशंटची. भिंतीला लागून एक स्टूल आहे, ते बरोबर आलेल्याचं. अप्पांना मी बाहेरून खुर्ची आणवून दिली. रेखा स्टुलावर बसली.

मराठी ऐकून अप्पा खूश झाले. आडनाव विचारलं, आमचं घर कुठल्या गल्लीत ते विचारलं, माझे आजोबा त्यांच्या वडिलांबरोबर घोड्यांच्या पागेत होते हेही शोधून काढलं. मी चित्र काढायला घेतल्यावर मात्र त्यांना कंटाळा आला.

‘तुमी आमच्यातल्याच की अम्मा. मग सुम्ने एवढं कशाला विचारता?’

सुम्ने म्हणजे उगीच. आणि खरं सांगायचं तर मीही सुम्ने विचारलंच नाही. कन्नड घर असतं, तर माझी प्रश्नांची यादी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते. इकडे मामा-भाचीचं लग्न होतं, आत्याच्या मुलीशी होतं, मामाच्या मुलीशी होतं, तेव्हा कोण कुठल्या रेघेने कुठे जोडलंय हे विचारल्याशिवाय कळत नाही. पण हे आपलं घर होतं. आपल्यात फार तर मामाची मुलगी करतात. आत्याची मुलगी सून म्हणून आणत नाहीत, असं माझी आई शंभरदा म्हणाली होती. मी एवढंच विचारलं, सुजाताच्या आईवडिलांचं लग्न नात्यातलं का? नाही. खूण केली. घरात आणखी कोणाला कर्करोग? अप्पा म्हणाले, ‘आमच्या घरात कोणालाच नाही.’ खूण केली. त्यांना दोन भाऊ, दोघेही धडधाकट. सुजाताची आई मोहनच्या वेळी बाळंतपणात गेलेली, अवघी पंचवीस वर्षांची. तिच्या दोन बहिणी जवळच्या सोसले गावात.

रेखासाठी मी मोहनच्या शेजारी एक गोल काढला आणि तिला विचारलं, तुम्ही सून, हो ना? ती हसून म्हणाली, ‘हो, मी सून.’ आमच्या छापील फॉर्मवर खाली एक सूचना आहे: लग्नाने घरात आलेल्यांचे आईवडील दाखवण्याची गरज नाही. मला ती सूचना फार आवडायची. अर्धा कागद वाचतो.

महिन्याभराने अहवाल आला. सुजाताची बीआरसीए-वन अधू होती.

आता तिच्यासाठी डॉक्टरांनी औषध बदललं, आणि ते लागू पडलं, हे आधीच सांगून टाकते. पण माझं काम तिथे सुरू होतं. हा बदल आईकडून आला की बापाकडून? ज्या बाजूने आला त्या बाजूच्या प्रत्येक माणसाला सांगावं लागतं, कारण पालकाकडे असला तर प्रत्येक मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखी, आणि प्रत्येक मुलासाठी नवं नाणं.

मी आईची बाजू धरली. तर्क असा की अप्पांकडची माणसं सत्तरी ओलांडून ठणठणीत आहेत, आणि आई इतकी लवकर गेली की तिला पुढे काय झालं असतं ते कळायला वावच नव्हता. शिवाय अप्पा रक्त द्यायला तयार नव्हते. ‘बायकांचा आजार, मला काय करायचा?’ असं त्यांचं म्हणणं. पुरुषाकडूनही तो मुलीला जातो हे मी सांगितलं, दोनदा सांगितलं, पण रेटलं नाही. सोसल्याच्या मावश्यांना निरोप धाडला. एक आली, दुसरीच्या घरी भाताची कापणी, मग लग्न, मग पायाला लागलं. रेखाच त्यांना फोन करायची, बस सांगायची, स्टँडवर घ्यायला जायची आणि खोलीत आणून बसवून स्वतः स्टुलावर बसायची. दोघींची रक्तं होऊन अहवाल यायला आठ महिने गेले. दोघी कोऱ्या, बदल कुणाकडेच नाही.

दोन बहिणी कोऱ्या म्हणून तिसरी कोरी असं होत नाही, पण आता अप्पांना सोडून चालणार नव्हतं. सुजाताने त्यांना काय सांगितलं माहीत नाही, ते मुकाट्याने हात पुढे करून बसले. तीन आठवड्यांनी कागद आला. बदल अप्पांकडे होता.

त्या दिवशी ते, रेखा आणि मी एवढेच खोलीत होतो. त्यांना कागद समजला तसे ते लहान दिसायला लागले. लेकीला हे मी दिलं का, असं विचारलं. मी म्हटलं, तुम्हालाही कुणीतरी दिलंच की, निवडून कोणी देत नाही. पण माझं डोकं दुसरीकडे चाललं होतं. अप्पांना आलंय तर त्यांच्या भावंडांनाही आलेलं असू शकतं. दोन भाऊ, दोन चौकोन. बाई एकही नाही? त्या पिढीत, आमच्या लोकांत, तीन मुलगे आणि मुलगी नाही?

आजाराचं विचारलं की माणसं आजारच आठवतात आणि नाही म्हणतात. त्यापेक्षा सणाचं विचारावं, हे मला तेव्हा सुचलं. सणाची हजेरी कोणी विसरत नाही.

‘अप्पा, भाऊबीजेला तुम्हाला ओवाळायला कोण यायचं?’

ते लगेच म्हणाले, ‘शांता.’

‘शांता कोण?’

‘बहीण माझी. धाकटी. दिली होती हुणसूरला.’

‘मग तुम्ही मला सांगितलं का नाही?’

‘तुमी घरातलं विचारलंत अम्मा. ती दिलेली.’

मी त्याच भाषेत वाढले आहे. ‘घरात कोणाला’ असं विचारलं तर लग्न करून दिलेली बहीण त्या घरात मोजत नाहीत, हे मला प्रयोगशाळेने शिकवायला हवं होतं का? मी गोल काढला. शांताबाई आता कुठे असतात विचारलं. गेली, म्हणाले. सोळा-सतरा वर्षं झाली. पोटात पाणी झालं होतं. हुणसूरच्या डॉक्टरने काविळीचं औषध दिलं, मग पाणी काढलं, परत भरलं. वय सेहेचाळीस.

पोटात पाणी म्हणजे कावीळच असते असं नाही. त्या वयाच्या बाईच्या पोटात पुन्हापुन्हा पाणी भरतं, तेव्हा अंडाशयाकडे बघावं लागतं. त्या काळी तिथे कुणी बघितलं नसेल. कागद काही उरलेले नव्हते. पण अप्पांचा अहवाल माझ्या समोर होता. मी त्या गोलावर तिरकी रेघ मारली, आत काळं भरायच्या जागी प्रश्नचिन्ह काढलं, आणि पुढचा प्रश्न विचारला. त्यांना मुलं?

अप्पांनी हनुवटीने भिंतीकडे दाखवलं.

‘एकच. ही.’

रेखा स्टुलावर फाईल मांडीवर घेऊन बसली होती.

मग जे कळलं ते त्यांना सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला नव्हतं. शांताबाई गेल्या तेव्हा मुलगी एकोणीस वर्षांची, बाप आधीच गेलेला. मामाने तिला घरी आणलं आणि वर्षाने मोहनशी लग्न लावलं. भाचीला परक्याच्या दारात कशाला पाठवायचं, असा विचार. आपल्यात असं करत नाहीत असं कुणी बोललं का, मी विचारलं. अप्पा म्हणाले, आपल्यात म्हणजे कुठल्यात? दोनशे वर्षं मैसुरात राहिलो आम्ही. लग्नात रिवाजाप्रमाणे तिचं नाव बदललं. तांदळात अंगठीने ‘रेखा’ लिहिलं, आणि त्या दिवसापासून ती सून. ती अप्पांना इतर मुलांसारखंच अप्पा म्हणत आली.

मी रेखाला विचारलं, ‘तुम्हाला कधी वाटलं नाही, हे सांगावं असं?’

तिने खरोखर विचार केला. मग म्हणाली, ‘माझ्या अम्माला पोटाचं होतं, अक्का. सुजाताचं तर छातीचं. आणि तुमी मला विचारलंत तेव्हा मी सून म्हणाले. ते खोटं नव्हतं.’

त्याआधी ती मला मॅडम म्हणायची.

पुढचं मी पद्धतशीर केलं, पद्धतशीर करणं मला जमतं. आधी तिला पूर्ण समजावलं. तपासणी करायची की नाही हे तिने ठरवायचं, अप्पांनी नाही, मोहनने नाही, मीही नाही. तिला एक आठवडा दिला. ती दुसऱ्या दिवशीच आली, प्रश्नांची यादी लिहून. सोळा प्रश्न होते. त्यातला अकरावा मला आजही पाठ आहे: ‘आपल्यात आहे हे कळलं, तर मी आजारी झाले का?’ त्याचं उत्तर नाही असं आहे, पण ते पटायला वेळ लागतो. आणि शेवटचा, लेकीबद्दल. त्यांची मुलगी अकरा वर्षांची. मी सांगितलं, तिचं रक्त आत्ता घ्यायचं नाही. अठरा झाल्यावर ती स्वतः येईल, हवं असेल तर. तोवर तिला करण्यासारखं काही नाही, तर मग तिच्या पाटीवर हे कशाला लिहायचं?

मोहनचंही रक्त घेतलं, कारण तोही अप्पांचा मुलगा. तो कोरा निघाला. रेखा नाही. तिच्यात तोच बदल होता, सुजातात होता तोच, एका अक्षराचा फरक नाही. दोघी नणंदा-भावजया म्हणून सोळा वर्षं एका स्वयंपाकघरात वावरल्या होत्या.

बीआरसीए-वनवाल्या बाईला मूलबाळ झालं असेल आणि वय पस्तिशीच्या पुढे असेल, तर अंडाशय आणि बीजनलिका काढून टाकायचा सल्ला देतात, कारण तिथला आजार लवकर दिसून येण्याची खात्रीची तपासणी नाही. रेखा छत्तीसची. धडधाकट बाईने ऑपरेशन करून घ्यायचं, हे घरात कुणालाच पचेना. अप्पा म्हणाले, मी सांगतो म्हणून कर. सुजाता म्हणाली, कुणी सांगतं म्हणून करू नकोस. रेखाने तिसऱ्या दिवशी तारीख घेतली.

काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. अहवाल आधी माझ्याकडे आला. डाव्या बीजनलिकेच्या टोकाला पेशींचा एक ठिपका होता, बदललेल्या पेशींचा. आतल्या अस्तरातच, पुढे सरकलेला नाही. वेगळं औषध नको, लक्ष ठेवायचं. मी तो अहवाल तीनदा वाचला आणि भिंतीजवळच्या स्टुलाकडे बघत राहिले. तो ठिपका तिथे कधी उगवला, हे सांगणारी तपासणी नाही. मी मावश्यांच्या बसची वेळ ठरवत होते तेव्हा तो होता का? ते आठ महिने सरून गेले आणि काही बिघडलं नाही, याचं श्रेय मला नाही. ते मी घेत नाही.

फॉर्मवरच्या त्या सूचनेवर आता मी पेनने रेघ मारते, प्रत्येक कागदावर, छपाई बदलेपर्यंत. आणि माझ्या यादीतला पहिला प्रश्न आता भाऊबीजेचा आहे. कन्नड घरांत मी विचारते, गौरीच्या सणाला माहेरून बांगड्या कोणाकोणाला पाठवायचात. चेहरे उजळतात आणि बायका एकेक करून कागदावर येतात. घरी जाऊन मी माझ्या वडिलांकडचंही चित्र काढलं. दोन आत्या मला आठवायला शेजारच्या खोलीतल्या भावाला विचारावं लागलं.

गेल्या महिन्यात रेखाची सहामाही तपासणी होती. दोघी आल्या, सुजाताचे केस पुन्हा खांद्यापर्यंत आलेले. आत येताच रेखा सवयीने भिंतीकडे गेली आणि स्टुलावर बसली. मी काही म्हणायच्या आत सुजाताने तिच्या हातातली फाईल काढून घेतली.

‘ऊठ वैनी. ती जागा आज माझी.’

रेखा उठली. पाठीच्या खुर्चीवर येऊन जरा अवघडून, अगदी कडेला बसली. सुजाता स्टुलावर बसून फाईल उलटीपालटी करत होती. रंगीत चिठ्ठ्यांचा अर्थ तिला लागेना आणि ती तसं कबूलही करेना. मी खणातून पट्टी आणि रेखाच्या नावाचा नवा कागद काढला.

‘आता तुमच्या आईपासून सांगा,’ मी म्हटलं. ‘शांताबाईंचं सासरचं नाव काय होतं?’